सेलड्राइव्हच्या तेलात पाणी, वर क्लच घसरतोय: दुरुस्ती करावी की युनिटच बदलावं?

सुकाणू (धागाकर्ता)

३६ फुटी शिडाची बोट, ४० हॉर्सपॉवरच्या आसपासचं डिझेल इंजिन, मागे कोन क्लचचा (शंकूच्या घर्षणावर पकडणारा) सेलड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या तळातून खाली पाण्यात उतरणारा गिअरचा पाय आणि त्याच्या टोकाला पंखा (प्रोपेलर). लक्षणं तीन. डिपस्टिकवर तेल दुधट दिसतंय. २,४०० आरपीएमपर्यंत सगळं ठीक, त्यापुढे इंजिनचा आवाज चढतो पण बोटीचा वेग तिथेच राहतो. आणि पाय तळातून जातो ते भोक बंद करणाऱ्या रबरी डायफ्रामवर तारखेचा जो शिक्का आहे तो ११ वर्षांपूर्वीचा. बोट अजून पाण्यात आहे.

"एवढं सगळं एकदम बिघडलंय तर अख्खं युनिट बदला" असा सल्ला मिळालाय. यातलं मालकाला स्वतः करण्यासारखं किती, कोणत्या क्रमाने, आणि नवं युनिट घ्यायची वेळ खरी कधी येते?

---

गिअरतेल

ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाच गाठोड्यात बांधू नका. तेलात पाणी हा बहुतेक वेळा सीलचा किंवा ओ-रिंगचा (रबरी कडीचा) प्रश्न असतो. घसरण क्लचची किंवा गिअर टाकणाऱ्या केबलची. डायफ्राम हे वयाचं काम. युनिट बदलायचा निर्णय या तिन्हींवर ठरतच नाही. तो ठरतो पायाच्या अॅल्युमिनियमवर आणि खालच्या गिअरवर, आणि त्याबद्दल तुम्ही अजून काहीच लिहिलेलं नाही.

आधी तेल. डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी आत सोडून हातपंपाने शंभर-दीडशे मिली तेल ओढा. नळी जितकी खाली जाईल तितकं बरं. तेल काचेच्या बरणीत भरून एक दिवस हलवू नका. मोकळं पाणी असेल तर तळाशी थर दिसेल. थर न दिसता नुसताच दुधटपणा राहिला तर एक थेंब तापलेल्या जाड पत्र्यावर टाका, १३० ते १५० अंश सेल्सिअसला. पाणी असेल तर तडतडेल. तडतडलं नाही आणि बुडबुडे हळूहळू बसले तर तो फेस आहे, म्हणजे तेल जास्त भरलंय किंवा चुकीच्या दर्जाचं आहे.

पाणी खारं की गोडं हेही बघा. तळाच्या थरात पोहण्याच्या तलावाची क्लोराइड तपासायची पट्टी बुडवली तरी पुरतं. खारं निघालं तर ते बाहेरून आलंय. गोडं निघालं तर डिपस्टिकच्या टोपीची ओ-रिंग, वरून गळणारं पाणी, किंवा दमट हवेतला दव बघा.

या युनिटांत तेल साधारण दोन ते तीन लिटर असतं. अर्धा टक्का पाणी म्हणजे १०-१५ मिली, आणि तेवढ्यानेही तेल गढूळ होतं. त्यामुळे रंग बघून घाबरू नका, पण तसंच चालवूही नका. खारं पाणी बेअरिंगच्या गोळ्यांवर आधी ठिपके पाडतं, मग त्या ठिपक्यांपासून धातू सुटायला लागतो.

---

उलटा_वारा

पाणी आत जातंच कसं? तेलाची पातळी तर पाण्याच्या पातळीच्या वर असते. सील फाटला तर तेल बाहेर यायला हवं ना?

---

गिअरतेल

चांगला मुद्दा. आकडा काढून बघा. पंख्याचा सील पाण्याखाली अर्धा मीटर धरला तर बाहेरून दाब येतो सुमारे ५ किलोपास्कल. आत ६० सेंटिमीटर तेलाचा स्तंभ, तेलाची घनता ०.८८ धरली, तर आतूनही जवळजवळ तेवढाच. तराजू साधारण मध्यावर उभा असतो. इंजिन बंद झालं की तेल आणि वरची हवा गार होऊन आकसतात. श्वासमार्ग (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं भोक) चोंदलेला किंवा बंद असेल तर आत किंचित पोकळी तयार होते आणि तेवढ्यावर पाणी ओढलं जातं. म्हणून तेल बाहेर गळताना कधी दिसत नाही आणि तरीही आत पाणी सापडतं. पाण्यावर तवंग नाही म्हणजे सील ठीक, हा निष्कर्ष चुकीचा.

---

तंगूस

माझ्या नावातच उत्तर आहे. :) खारं पाणी निघालं तर पहिला संशयित पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस. ती पंख्याचा हब आणि बेअरिंग हाउसिंग यांच्यामधल्या फटीत शिरते, वितळून घट्ट वळं होतं आणि सीलची ओठ (शाफ्टला टेकणारी रबराची कड) कापते. बाहेरून काहीही दिसत नाही, पंखा काढल्यावरच कळतं.

सील बदलायला बोट वर घ्यावीच लागते. क्रम असा:

१. पायाच्या तळाचा ड्रेन प्लग काढून तेल पूर्ण सोडा. पहिल्या धारेकडे बघा, पाणी तळाशी असल्याने तेच आधी येतं. प्लगच्या चुंबकावर किंवा तेलात धातूचे तुकडे आहेत का ते बोटांत चोळून बघा. काळी मऊ पेस्ट चालते. चमकणारे कण किंवा खवले दिसले तर काम सीलपुरतं राहिलं नाही.

२. पंखा काढा. लॉक वॉशर किंवा लॉकिंग स्क्रू आधी सोडवा. घडीच्या (पाती मिटणाऱ्या) पंख्याच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा डिंक) असतो, त्याला गरम हवा द्या, हातोडा नको. नंतर अॅनोडची (पायाऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूची) कडी आणि स्पेसर.

३. प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंग हाउसिंग बहुतेक युनिटांत दोन बोल्टवर असतं. ते बोल्ट निघाले तरी हाउसिंग हलत नाही, कारण अॅल्युमिनियमच्या गंजाने ते चिकटलेलं असतं. हाउसिंगला ओढायचे आटे असतील तर त्यात लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाव-पाव फेरा ओढा. पेचकस घालून उचकटलंत तर ओ-रिंगच्या बैठकीवर ओरखडा पडेल आणि नवी ओ-रिंगही गळेल.

४. हाउसिंगमागे पातळ शिम (फट जुळवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) असतील. किती आणि कोणत्या बाजूला, फोटो काढून पिशवीत बांधून ठेवा. गिअरच्या दातांमधली मोकळीक त्यांच्यावर ठरते. एक हरवला की गिअर आवाज करतील आणि वर्षभरात दात खाल्ले जातील.

५. जुने सील काढताना त्यांच्या पत्र्यात छोटा स्क्रू घालून तो पकडीने ओढा. भोकाच्या भिंतीला काही लागू देऊ नका.

६. सील सहसा दोन असतात, पाठीला पाठ. बाहेरच्याची ओठ पाण्याकडे, आतल्याची तेलाकडे. पुस्तिकेत दोन्ही एकाच दिशेला दाखवले असतील तर पुस्तिका खरी. दोन ओठांमधल्या पोकळीत जलरोधक ग्रीस भरा, गच्च नको. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान पाइपच्या तुकड्याने सरळ आत बसवा.

७. शाफ्ट परत घालताना स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांबट दातांवर) पातळ प्लास्टिक किंवा टेप गुंडाळा. नव्या सीलची ओठ इथेच कापली जाते, आणि मग दोष सीलच्या माथी बसतो.

शाफ्टवर ओठ जिथे घासते तिथे नख फिरवा. खाच नखाला लागली तर नवा सीलही टिकणार नाही. उपाय दोन. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या धातूवर आणायची. नाहीतर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेसची दुरुस्ती-बाही त्या जागेवर चढवायची. नवा शाफ्ट हा तिसरा आणि शेवटचा उपाय.

---

शिम_शून्य_दोन

वरच्यात एक भर. ड्रेन प्लगची ओ-रिंग किंवा वॉशर दर वेळी नवी. तेलात पाणी आलं म्हणून अख्खा पाय उघडला आणि दोष निघाला सपाट झालेल्या ड्रेन वॉशरचा, असं पुष्कळदा होतं.

आणि सील बसवून लगेच तेल भरू नका. आधी हवेचा दाब देऊन तपासा. डिपस्टिकच्या भोकाला जुळणारा प्लग करून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि लहान गेज बसवा. श्वासमार्ग असेल तर तो बंद करा. दाब ०.३ ते ०.५ बार, त्याहून जास्त नाही. हे ओठेचे सील दाब सोसायला बनवलेले नसतात, जास्त दिला तर चांगला सीलही उलटेल. पंधरा मिनिटं काटा जागचा हलायला नको. मग शाफ्ट हाताने सावकाश फिरवत परत बघा, कारण स्थिर असताना धरणारा सील फिरताना सोडतो. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावा: सील, हाउसिंगची ओ-रिंग, ड्रेन प्लग, वरच्या आणि खालच्या भागाचा सांधा, आणि पायातून थंड पाणी घेणाऱ्या नळीची जोडणी. शेवटची जागा सगळेच विसरतात.

दाब धरला की स्वस्त पण त्याच दर्जाचं तेल भरून इंजिन दहा मिनिटं मंद चालवा, दोन्ही गिअर टाका आणि ओता. दुधटपणा जाईपर्यंत हेच, बहुतेक दोन-तीन वेळा. बोट वर असताना हे करायचं तर इंजिनला गोड्या पाण्याची नळी जोडा, नाहीतर थंड पाण्याच्या पंपाचं रबर जळेल. पंख्याजवळ कोणी उभं राहू नये, पंखा काढून ठेवलेला असेल तर उत्तम.

---

सुकाणू

तेल कोणतं घालायचं? एक जण इंजिन ऑइल म्हणतो, दुसरा गिअर ऑइल, तिसरा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल).

---

गिअरतेल

तिघेही आपापल्या युनिटपुरते बरोबर असतील. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तेल वेगळं असतं, काहींत तर उत्पादनाच्या मध्येच शिफारस बदललेली आहे. युनिटवरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक बघून त्याच्याच पुस्तिकेप्रमाणे घाला. कोन क्लचमध्ये घसरण कमी करणारे पदार्थ असलेलं तेल किंवा वरून घालायच्या बाटल्या कधीही नकोत. कोनाची पकड घर्षणावरच चालते, तेच कमी केल्यावर तो धरणार कसा? दोन जातींची तेलं मिसळूही नका.

---

कोनातला_कोन

आता घसरण. लोक इथे थेट क्लच उघडतात, ते थांबवतो.

सगळ्यात आधी पाणबुड्याला खाली पाठवून पंखा बघा. शंखशिंपले चढलेला पंखाही वेग खातो. घडीचा पंखा पूर्ण उघडत नसेल तरी हेच लक्षण. स्थिर पात्यांच्या काही पंख्यांत हबमध्ये रबराची बाही असते, ती सुटली की हब फिरतो आणि पाती मागे राहतात. हब आणि पात्यांच्या बुंध्यावर रंगाची एक सरळ रेघ मारा, चालवून परत बघा. रेघ तुटली तर क्लच निर्दोष.

दुसरं, केबल. सेलड्राइव्हच्या बाजूने केबल काढा. लिव्हर हाताने पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि मध्ये सरकवून तिन्ही जागी पेनाने खूण करा. केबल जोडून कॉकपिटमधून गिअर टाका. लिव्हर त्याच खुणांवर यायला हवा. दोन-तीन मिलिमीटर कमी पडला तरी कोन अर्धवट बसतो, भाराखाली घसरतो आणि घसरून चकचकीत होतो. मग केबल नीट केली तरी चकाकी राहते. म्हणजे केबलचा दोष क्लचचा दोष होऊन बसतो. म्हणूनच नुसता क्लच दुरुस्त करून केबल तशीच ठेवली तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

तिसरी, बांधून परीक्षा. बोट धक्क्याला मागून-पुढून भक्कम बांधा, तेल गरम होऊ द्या, पुढचा गिअर टाकून आरपीएम हळू वाढवा. पंखा जड असेल किंवा घाणीने माखला असेल तर इंजिन दमतं, धूर काळा येतो, आरपीएम चढत नाही. क्लच घसरत असेल तर आरपीएम सहज चढतो, धूर नाही, आणि मागचा पाण्याचा लोट एका मर्यादेनंतर वाढत नाही. दहा-पंधरा सेकंदांत थांबा, घसरता क्लच झपाट्याने तापतो.

यानमारच्या मॉडेलांत एसडी-२० ला डॉग क्लच (दातांनी अडकणारा) आहे, एसडी-५० ला कोन, एसडी-६० ला तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा. डॉग क्लच घसरत नाही. त्याचे दात गोल झाले की तो गिअर सोडून उडी मारतो, आणि घासून सुधारत नाही, भागच बदलावा लागतो. त्याला हळुवारपणे गिअर टाकणं हेच मारक आहे. इंजिन मंद चालीवर आणि लिव्हर एका झटक्यात.

---

सुकाणू

माझा कोनच आहे. घासणं घरच्या घरी होतं का?

---

कोनातला_कोन

होतं, पण स्वच्छतेची शिस्त पाहिजे. बऱ्याच युनिटांत वरची पेटी आतून उघडते, त्यामुळे बोट पाण्यात असतानाही जमतं. तुमची तशी आहे का हे पुस्तिकेतल्या चित्रात बघा.

रचना समजून घ्या. इंजिनचा आडवा शाफ्ट दोन बेव्हल गिअरना उलटसुलट फिरवत असतो. दोन्ही गिअरच्या पोटात शंकूच्या आकाराची वाटी. मधे उभ्या शाफ्टवर तिरक्या स्प्लाइनवर सरकणारा कोन. तो ज्या वाटीत बसतो त्या दिशेला पंखा फिरतो. स्प्लाइन तिरक्या असल्याने भार वाढला की कोन आपणहून आणखी घट्ट ओढला जातो. पृष्ठभाग काचेसारखा झाला की ही ओढ सुरूच होत नाही.

तेल काढा, केबल सोडा, वरचं झाकण आणि गिअर सरकवणारी यंत्रणा काढा. झाकणाखालचे शिम जपा. उभ्या शाफ्टवरची जुळणी बाहेर काढताना वरची वाटी, खालची वाटी आणि कोन यांच्यावर दिशा लिहा. पुढच्या गिअरची बाजू पुढच्याच वाटीशी घासायची, अदलाबदल नाही. कोन मात्र नीट बघा. पुढची बाजू झिजलेली आणि मागची जवळजवळ नवी असते, कारण मागचा गिअर वापरात कमी. ज्या रचनेत कोन दोन्ही बाजूंनी सारखा आहे आणि पुस्तिका परवानगी देते, तिथे तो उलटवून बसवला की अर्धं काम झालं.

घासायला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट. वाटीत पातळ थर, कोन हाताने दाबून दोन्ही दिशांना फिरवायचा, मधून मधून उचलून जागा बदलायची. ड्रिल लावू नका, कोन वाकडा बसतो. चकाकी जाऊन पूर्ण घेरात सारखा राखाडी मंद रंग आला की थांबा. मार्करची निळी शाई लावून फिरवा, शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे.

मग रॉकेल, ब्रश, हवेचा दाब, परत रॉकेल. पांढऱ्या कापडावर करडी रेघ उमटते तोवर धुणं चालू. ही पेस्ट बेअरिंगमध्ये गेली तर क्लच वाचेल आणि बेअरिंग जाईल.

मर्यादाही आहे. घासल्यावर कोन वाटीत आणखी खोल बसतो. कोनाचं टोक वाटीच्या तळाला टेकायला लागलं की बाजू कधीच दाबल्या जाणार नाहीत, कितीही घासा. फीलर गेजने ती फट मोजा. पुस्तिकेतल्या किमान मापाखाली गेली तर नवा कोन. जोडताना अक्षावरची मोकळीक परत मोजून शिम बदलावे लागतात, जुने तसेच ठेवून चालत नाही.

---

उलटा_वारा

शिडावर जाताना पंखा फिरू नये म्हणून मागचा गिअर टाकून ठेवणं बरोबर की चूक? दोन्ही बाजू ऐकल्यात.

---

कोनातला_कोन

युनिटवर अवलंबून. यानमारच्या कोन क्लचच्या सेलड्राइव्हला शिडावर न्यूट्रलच ठेवायचं. इंजिन बंद असताना पाण्याने फिरवलेला पंखा अर्धवट दाबलेल्या कोनाला घासत राहतो आणि तीच चकाकी तयार होते. घडीच्या पंख्याला मिटवायचं तर इंजिन बंद करून क्षणभर मागचा गिअर टाका, पंखा मिटला की परत न्यूट्रल. पंखा फिरण्याच्या आवाजाचा त्रास असेल तर इलाज घडीचा पंखा आहे, गिअर नव्हे. इतर बनावटींत सूचना उलट असू शकते, त्यांची पुस्तिका बघा.

---

पाटातले_पाणी

डायफ्रामबद्दल कोणीच बोलेना. ११ वर्षं! व्होल्व्हो पेंटाच्या युनिटांना दर ७ वर्षांनी बदलायची शिफारस आहे. तळात हातभर भोक आणि ते बंद करणारं फक्त रबर. यावर चर्चा नको, बदला.

---

शिम_शून्य_दोन

चर्चा हवीच. उघडं पडलेलं डिझेल, इंजिन ऑइल आणि उष्णता रबराला मारतात, नुसतं कॅलेंडर नाही. स्वच्छ, कोरड्या पेटीत बसलेला जाड डायफ्राम पंधरा वर्षांनंतरही लवचीक निघालेला बघायला मिळतो. मुदतीपेक्षा वर्षातून एकदा टॉर्च आणि आरसा घेऊन घडीच्या आतल्या कोपऱ्यात चिरा शोधणं, अंगठ्याने दाबून कडकपणा बघणं जास्त उपयोगी.

---

पाटातले_पाणी

आरशाने वरची बाजू दिसते, खालची नाही. आणि विमा कंपनी मुदत विचारते, अंगठा नाही. दुहेरी पडद्याच्या रचनेत दोन पडद्यांमध्ये पाण्याचा सेन्सर असतो, त्याची वायर तुटलेली नाही ना हेही दर वर्षी तपासा. मृत सेन्सर असण्यापेक्षा नसलेला बरा, निदान भरवसा तरी ठेवला जात नाही.

सुकाणू, तुमच्या बाबतीत वाद निरर्थक आहे. सीलसाठी बोट वर येणारच आहे. त्याच उचलणीत डायफ्राम करा. काम असं:

पाय ३० ते ४५ किलोचा आणि बऱ्याच जुळण्यांत इंजिनचा मागचा भार त्याच्यावरच असतो. म्हणून एकही बोल्ट सोडायच्या आधी इंजिनच्या मागच्या टोकाला वरून चेन पुलीचा किंवा खालून लाकडी ठोकळ्यांचा आधार, आणि बोटीखाली पायाला गादी घातलेला जॅक. बॅटरी सोडा. गिअर केबल, थंड पाण्याची नळी, सेन्सरच्या वायरी, एक्झॉस्टचा रबरी तुकडा काढा. पुढचे इंजिन माउंट पायथ्याशी सोडा, वरचे समायोजनाचे नट नाही, नाहीतर उंची हरवेल. इंजिन आणि सेलड्राइव्हमधले बोल्ट काढून इंजिन पुढे सरकवा, इनपुट शाफ्ट डॅम्पर प्लेटमधून (इंजिनचे झटके शोषणाऱ्या स्प्रिंगच्या चकतीतून) पूर्ण सुटेपर्यंत, बहुधा १५-२० सेंटिमीटर. आता पाय वर उचलता येतो.

डायफ्रामची दाबकडी सोडा. खालची फायबरग्लासची बैठक खरवडून, पुसून कोरडी करा. तिथे ओरखडा किंवा सुटलेला थर असेल तर इपॉक्सीने भरून सपाट करा, नवं रबर खड्ड्यावर बसत नाही. पुस्तिकेने सांगितलं नसेल तर सीलंट लावू नका, रबर कोरडंच बसतं आणि सीलंटवर उलट घसरतं. बोल्ट तिरकस क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटचा फेरा टॉर्क रेंचने. बाहेरून तळाला चिकटवलेली रबरी झालर ही वेगळी वस्तू, ती फक्त पाण्याचा प्रवाह गुळगुळीत ठेवते. ती फाटली म्हणजे बोट बुडणार असं नव्हे, पण आत शिंपले वाढतात आणि डायफ्रामला खालून टोचतात.

इंजिन पुढे आहे तोवर डॅम्पर प्लेट बघा. स्प्रिंग सैल किंवा स्प्लाइनचे दात टोकदार झाले असतील तर तिथेच बदला. इनपुट शाफ्टवर तांबूस भुकटी म्हणजे ग्रीस संपून गंज घासला जातोय. पुस्तिकेतलं ग्रीस लावा. यातलं काही राहिलं तर इंजिन परत पुढे ओढावं लागेल.

---

ओहममीटर

सगळे आतूनच बघताय. युनिट बदलायचं की नाही हे बाहेरचा अॅल्युमिनियम ठरवतो.

रंगाचे फोड दिसले तर ते फोडा. आत पांढरी ओली पेस्ट म्हणजे अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. धातू कोरा करून खड्ड्याची खोली टोकदार गेजने मोजा. उघड्या भिंतीवर एक-दोन मिलिमीटरचे विखुरलेले खड्डे असतील तर ब्लास्ट किंवा सॅंडिंग, लगेच इपॉक्सी प्रायमर, वर इपॉक्सी भरण. कोऱ्या अॅल्युमिनियमवर काही तासांत नवा ऑक्साइड येतो, म्हणून प्रायमर दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पण खड्डा ओ-रिंगच्या बैठकीत, सीलच्या भोकात किंवा अॅनोडच्या आट्यांत असेल तर भरण टिकत नाही. तिथे खालचं हाउसिंग बदलणं किंवा युनिट बदलणं.

आणि मूळ कारण शोधल्याशिवाय नवं युनिट बसवलंत तर तेही खाल्लं जाईल. कारणं नेहमीचीच:

तांब्याच्या ऑक्साइडचा अँटिफाउलिंग (शिंपले चढू न देणारा) रंग पायावर किंवा अगदी पायाला चिकटून. पायाला तांबेविरहित किंवा क्युप्रस थायोसायनेटचा रंग, तोही इपॉक्सी प्रायमरच्या थरांवर, आणि तळाच्या तांब्याच्या रंगापासून काही सेंटिमीटर मोकळी पट्टी.

अॅनोड रंगवलेला, किंवा बोल्टखाली गंज असल्याने नुसता नावाला बसवलेला. बसवल्यावर मल्टिमीटरने अॅनोड ते पाय रोध जवळजवळ शून्य यायला हवा. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अॅल्युमिनियमचा, निमखाऱ्यात अॅल्युमिनियमचा, गोड्यात मॅग्नेशियमचा. अर्धा संपला की बदला. घडीच्या पंख्याचा अॅनोड वेगळा असतो, तोही.

किनाऱ्याच्या विजेची अर्थिंग तार. शेजारच्या सगळ्या बोटी त्या तारेतून तुमच्या पायाशी जोडल्या जातात. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, तो सव्वा व्होल्टच्या आसपासपर्यंत हा प्रवाह अडवतो.

पाय आणि इंजिन यांच्यातलं इन्सुलेशन. ज्या मॉडेलांत पाय इंजिनपासून वेगळा ठेवलेला असतो, तिथे दोघांत कोरड्या अवस्थेत रोध खूप जास्त दिसला पाहिजे. शून्याजवळ आला तर एखादी धातूची क्लिप, केबलचं आवरण किंवा चुकून जोडलेली अर्थ वायर शोधा.

बोट पाण्यात असताना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड पाण्यात सोडून पायाचं व्होल्टेज मोजा. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला साधारण उणे ९५० ते उणे ११०० मिलिव्होल्ट हवेत. उणे ८०० च्या आसपास म्हणजे संरक्षण नाही. उणे १२०० च्या पलीकडेही वाईट, कारण अतिसंरक्षणाने धातूलगतचं पाणी अल्कधर्मी होतं आणि अॅल्युमिनियम आम्लात तसंच अल्कातही विरघळतं. "जितके अॅनोड जास्त तितकं चांगलं" हे पोलादाला चालेल, इथे नाही.

---

तंगूस

अॅनोड बदलताना पायातल्या थंड पाण्याच्या फटीही साफ करा. आत शिंपले भरले की इंजिन तापतं आणि लोक इंपेलर बदलत बसतात. आतून नळी सोडून उलट पाणी मारलं की मोकळं होतं. हवेचा दाब हलकाच, जोरात मारलात तर जुनी नळीची जोडणी सुटेल.

---

उलटा_वारा

समजा युनिट बदलायचंच ठरलं. जुन्याच्या जागी कोणतंही बसतं का?

---

कोनातला_कोन

नाही. पाच गोष्टी जुळाव्या लागतात: फ्लायव्हील हाउसिंगचा फ्लँज, डॅम्पर प्लेटच्या स्प्लाइनची संख्या, तळाच्या बैठकीचा आकार आणि बोल्टची वर्तुळं, बैठकीपासून इंजिनची उंची, आणि पंख्याची फिरण्याची दिशा. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलला बहुधा अडॅप्टर मिळतो. दुसऱ्या कंपनीचं युनिट म्हणजे बैठक कापून नव्याने फायबरग्लास करणं, आणि ते काम युनिटपेक्षा मोठं.

सहावी गोष्ट रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे. समजा जुना २.२० आणि नवा २.५०. इंजिन ३,००० वर असताना पंखा आधी १,३६४ फेरे घेत होता, आता १,२००. तोच पंखा ठेवला तर तो हलका पडतो, इंजिन कमाल आरपीएम सहज ओलांडायला बघतं आणि वेग कमी मिळतो. पिच (एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितकं पुढे जाईल ते अंतर) वाढवावी लागते. ढोबळ अंदाज असा की पिच एक इंच बदलली की इंजिनचा कमाल आरपीएम १५० ते २०० ने बदलतो. स्वच्छ तळ आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिनने त्याचा ठरलेला कमाल आरपीएम गाठला पाहिजे, तेव्हा पिच बरोबर.

मधला मार्गही आहे. कुजलेला भाग फक्त खालचं हाउसिंग असेल आणि वरची गिअरपेटी ठणठणीत असेल तर नुसता खालचा भाग मिळतो का ते बघा. मात्र त्यात दातांची मोकळीक परत शिमने बसवावी लागते, डायल गेज आणि अनुभव असलेल्याकडूनच करून घ्या. मालकाने हात घालू नये अशी या धाग्यात हीच एक जागा.

---

सुकाणू

सगळ्यांचे आभार. तपासलेलं लिहितो. बरणीत तळाला थर आला, क्लोराइड पट्टी रंगली, म्हणजे खारं. तेलात चमकणारे कण नाहीत. पाणबुड्याने पंखा स्वच्छ सांगितला, हबवरची रेघ अखंड. केबल मात्र पुढच्या बाजूला खुणेपासून चार मिलिमीटर कमी पडतेय. ती नीट करून बांधून परीक्षा घेतली, घसरण आता २,४०० ऐवजी २,७०० ला सुरू होते. इलेक्ट्रोडवर उणे ९८०.

---

कोनातला_कोन

मग चित्र स्पष्ट आहे. केबलने सुरुवात केली, कोनावर चकाकी आली. कोन घासावा लागेल, पण २,७०० पर्यंत धरतोय म्हणजे वाटीत अजून जागा शिल्लक असण्याची शक्यता चांगली. फट मोजल्याशिवाय नवा कोन मागवू नका.

---

ओहममीटर

उणे ९८० उत्तम. वर आल्यावर रंगाचे फोड तेवढे बघा, विशेषतः अॅनोडच्या मागे आणि झालरीखाली.

---

शिम_शून्य_दोन

बोट उचलायच्या आधी हे हातात ठेवा: पंख्याचे दोन्ही सील, बेअरिंग हाउसिंगची ओ-रिंग, ड्रेन वॉशर दोन, डिपस्टिकची ओ-रिंग, डायफ्रामचा संच, झाकणाचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, शिमचा संच, अॅनोड, आणि तेल, धुण्याचं आणि शेवटचं मिळून, तीन-चार भरणांपुरतं. दुरुस्ती-बाहीसाठी शाफ्टचा व्यास पुस्तिकेतून न घेता पंखा काढल्यावर व्हर्नियरने मोजा. डॅम्पर प्लेट मागवून ठेवा, पण पाकीट फोडू नका, जुनी चांगली निघाली तर परत करता येईल.

---

सुकाणू

यादी उतरवून घेतली. एकच शंका: कोन आधी की सील आधी?

---

शिम_शून्य_दोन

कोन आधी, पण पाण्यात नाही. बोट वर घ्या, तेल सोडा, कोन घासून पेटी बंद करा, मग सील आणि डायफ्राम, शेवटी दाबाची परीक्षा. झाकणाचा सांधाही त्याच परीक्षेत तपासला जाईल आणि चांगलं तेल एकदाच भराल.